साळवे सरांच्या गच्चीवरची हवा

केजच्या स्टँडवरचे काळीपिवळीवाले मला नावानं ओळखत नसत. मी लांबून दिसले की त्यांच्यातला एकजण ओरडायचा, "ए, हवावाली बाई आली, टपावर जागा कर बे!" टपावर माझं मशीन चढायचं. कमरेएवढा उभा पत्र्याचा डबा, वर देवळाच्या कळसासारखं चौकोनी छप्पर. जीप सुटली की शेजारची बाई हमखास विचारायची, "ताई, चक्की हाय का?" मी सांगायची, हवा मोजायचं मशीन आहे. मग न राहवून ती म्हणायची, "मोजून कुठं नेता मग?"

बीडला न्यायची. तिथल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. आमचं घर केजचं. अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. लहानपणी मी बाहुल्यांऐवजी तांब्याच्या तारा गुंडाळत बसायची, त्यामुळे अंबाजोगाईला रसायनशास्त्र शिकून नोकरीला लागले तेव्हा साहेबांना माझी पदवी जितकी उपयोगी पडली तितकाच स्क्रू ड्रायव्हरही. हवा मोजायचं मशीन म्हणजे शेवटी एक मोटारच. ती दिवसरात्र हवा ओढत राहते. आत ताटाएवढा पांढरा कागद बसवलेला असतो. जाड भुकटी खालच्या कपात पडते, आणि जी बारीक धूळ आपल्या छातीत उतरते ती कागदावर चिकटते. कागद आधी कोरडा करून वजन करायचा, नंतर पुन्हा कोरडा करून वजन करायचा. वाढलेलं वजन भागिले ओढलेली हवा. झालं. चौथीतलं गणित.

अवघड काय ते भागाकाराच्या आधीच असतं. मशीन कुठं ठेवलं, जवळ झाड आहे का, भिंत आहे का, वीज मध्ये गेली का, कुणी शेजारी कचरा पेटवला का. तेलगावच्या बाजूला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मी मशीन लावून ठेवलं आणि नेमका दसरा आला. मालक श्रद्धाळू. त्यांनी जिनिंगच्या सगळ्या यंत्रांची पूजा केली आणि माझ्या मशीनला परकं का ठेवायचं म्हणून त्यालाही झेंडूची माळ घातली, समोर नारळ फोडला, आणि वर ज्या फटीतून हवा आत जाते तिथंच उदबत्त्यांचा अख्खा जुडगा खोचला. मी आले तेव्हा कागद चॉकलेटी आणि वास चंदनाचा. मालक हात जोडून म्हणाले, "मॅडम, आता आकडा चांगलाच येणार." त्या दिवसाचा आकडा मी देवाला वाहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

एका गावात तर लोकांनी मला गच्चीवरून खाली उतरू दिलं नाही. पाऊस ओढ देत होता आणि कुणीतरी उठवलं होतं की हे ढग पळवायचं यंत्र आहे. तेव्हा सरपंचाची म्हातारी आई जिना चढून वर आली, मशीनच्या छपराखाली हात घालून बघितला आणि खाली वाकून ओरडली, "आरं, माझ्या हातावरचं पीठ ओढंना हे, ढग काय ओढतंय!" लोक हसले आणि पांगले. तिच्या हाताला खरंच पीठ होतं. ते थोडंफार माझ्या कागदावर गेलंच असणार, पण तिला काही बोलायची माझी हिंमत झाली नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण दिवाळीला घरी निवांत बसले की मला आठवतं ते वडवणीच्या पुढचं, बालाघाटाच्या कडेचं एक गाव. त्याचं नाव सांगत नाही. तिथं मला दाविद साळवे सर भेटले.

गावाच्या मावळतीला डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी खडी क्रशर. क्रशर आणि गाव यांच्या मधोमध शाळा, आणि शाळेला लागून सरांचं घर. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी सरकारी कचेरीत अर्जावर अर्ज केले होते की क्रशरच्या धुळीनं गाव आजारी पडलंय, तो बंद करा. शेवटी कचेरीनं हुकूम काढला की आधी हवा मोजून घ्या. म्हणून मी.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्या घरी पाणी प्यायला गेले तर दारं-खिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. आत बाजेवर त्यांच्या पत्नी मार्थाकाकू बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे उशीवर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. दम्याच्या माणसाची ती बसण्याची पद्धत मला ओळखीची होती. एक वाक्य बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागायचं.

"ह्या... लई गायच्या," सर म्हणाले. "चर्चमध्ये ह्यांचा आवाज लागला की बाकीचे तोंड नुसतं हलवायचे."

काकूंनी हात हलवून त्यांना गप्प केलं.

टेबलावर जाड शब्दकोश उघडा पडला होता. मला वाटलं इंग्रजीचा. बघितलं तर अक्षरं इंग्रजी पण एकही शब्द लागेना. मी विचारलं, तर सर एकदम खुलले. ते लॅटिन होतं. सर तरुणपणी फादर व्हायला निघाले होते, सेमिनरीत काही वर्षं शिकले. तिथं लॅटिन शिकवायचे.

"पहिल्या तासाला म्हातारे फादर वर्गात आले," सर सांगू लागले, "आणि दारातूनच म्हणाले, 'साल्वे!' मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, यस फादर. सगळा वर्ग गप्प. ते पुन्हा म्हणाले, साल्वे. मी म्हटलं, हजर हाय फादर, बीड जिल्हा." बाजेवरून काकूंचं हसणं आणि खोकणं एकदमच सुरू झालं. "मग कळलं की लॅटिनमध्ये साल्वे म्हणजे नमस्कार. शेखबाई, त्या भाषेनं मला नावानं हाक मारली. मी कसा सोडणार?"

भाषा नाही सोडली, सेमिनरी मात्र सोडली. सुट्टीत गावी आलेले असताना मार्थाकाकूंचं गाणं ऐकलं आणि परत गेलेच नाहीत. नंतर आयुष्यभर पोरांना इंग्रजी शिकवलं आणि संध्याकाळी घरी बसून इंग्रजी कवितांचं लॅटिन केलं. वाचायला जिल्ह्यात कुणी नाही. छापायचा प्रश्नच नाही. मी विचारलं, मराठीत का नाही करत? म्हणाले, "मराठीत करणारे लई हायेत. ह्या गरिबाला इथं माझ्याशिवाय कोण हाय?" लॅटिनला गरीब म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

मशीन मी शाळेच्या स्लॅबवर लावलं. शाळेत गॅसवर खिचडी शिजते हे विचारून घेतलं होतं. एक दिवस मोजून झाला. त्यातला निम्मा दिवस मी पलीकडच्या वस्तीवर दुसरी जागा बघायला गेले होते. परत येऊन कागद काढला तर काळाकुट्ट. मी आजवर काढलेल्या कागदांत इतका काळा एकही नव्हता. शिडीखाली सर आणि गावातले दहा-बारा जण उभे होते. कागद बघून एकजण म्हणाला, "बघा, हे जातंय आमच्या पोटात." सरांनी डोळे मिटून घेतले. वर्षानुवर्षं जे सांगत होते ते आज कागदावर उमटलं होतं.

बीडला जाऊन वजन केलं. आकडा सरकारी मर्यादेच्या कितीतरी पट. हा आकडा कचेरीत गेला असता तर क्रशरला त्याच आठवड्यात कुलूप लागलं असतं.

पण खडीची धूळ काळी नसते. ती राखाडी, पिठासारखी असते. मला चैन पडेना. मी कागद पिशवीत घालून पुन्हा गावात गेले आणि आधी सरांच्या घरी डोकावले. सर वडवणीला गेले होते, अजून परतले नव्हते. काकूंनी कागद खिडकीच्या उजेडात धरायला सांगितला. नीट बघितला. मग थांबत थांबत म्हणाल्या, "हे... त्यांचं न्हाई. हे आमच्या... शाळेतलं हाय. त्या दिशी गॅस संपलता. बायांनी पऱ्हाटी पेटवली. मला वास आल्ता." पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळकी झाडं. जळताना भकाभका धूर करतात. "क्रशरच्या धुळीनं मी... येगळी खोकते. ती घशात बसती. ही नाकात."

इतक्यात सर आले. मी त्यांना सांगितलं की हा आकडा मला देता येणार नाही, पुन्हा मोजावं लागेल.

सर आधी समजावणीच्या सुरात बोलले. "शेखबाई, क्रशर धूळ करतो का न्हाई?"

"करतो."

"ती माणसाला मारती का न्हाई?"

"मारते, सर."

"मग आकडा त्याच बाजूचा हाय ना? थोडा जास्त आला तर आला. देऊन टाका."

"सर, हा आकडा चुलीचा आहे. दादाराव वकील आणतील, वकील कागदाचा रंग विचारील, आणि मग तुमचे खरे अर्जही खोटे ठरतील."

दादाराव म्हणजे क्रशरचे मालक. त्यावर सरांचा तोल गेला. बाजेकडं हात करून म्हणाले, "तुमाला काय? तुमी संध्याकाळच्या गाडीनं केजला जाणार. हिला रात्रभर धरून मी बसतो!" आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. काकूंनी मला हातानं खुणावलं, जा तू. मी मशीन उतरवून निघाले. गावातल्या कुणी डब्याला हात लावला नाही. एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "दादारावानं गाठलेली दिसती."

ते वाक्य मला फार लागलं. घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा एका मोटारीचं बेअरिंग काढत होते. म्हणाले, "बेटी, बिघडेली मोटर भी जोरसे घूमती कभी कभी. उसको चालू नहीं बोलते." आणि पुन्हा कामाला लागले.

आठवड्याभरानं, जुम्म्याच्या दुपारी, दुकानासमोर काळीपिवळी थांबली आणि तिच्यातून साळवे सर उतरले. धुतलेला पांढरा सदरा, हातात पिशवी. अब्बांनी स्टूल पुसून दिलं. सर बसले, पाणी प्याले आणि क्रशरबद्दल नाही, कवितेबद्दल बोलायला लागले.

ते एका छोट्या इंग्रजी कवितेचं लॅटिन करत होते. पाऊस पडून गेल्यावरच्या पायवाटेवरची कविता. लॅटिन ओळीत लघु-गुरू मोजावे लागतात, आपल्या वृत्तांसारखेच. गुरू-लघु-लघु, गुरू-लघु-लघु, असं पाऊल टाकत ओळ चालते. पायवाट ओली आहे, असं कवीनं म्हटलेलं. ओलीला नेहमीचा शब्द मदिदा. "पण मदिदामधी तिन्ही अक्षरं लघु," सर म्हणाले. "शेवटचा आ लिहायला लांब, म्हणायला आखूड. ओळीत बसतच न्हाई. मग मी काय केलं, आउरेआ टाकला. म्हणजे सोनेरी. गुरू, लघु, लघु. अशी झकास ओळ झाली म्हणता! वर्षभर ती मी मनात म्हणत होतो."

"छान आहे की मग," मी म्हणाले.

"पण वाट सोनेरी न्हाई ना, शेखबाई. ओली हाय." ते पिशवीच्या बंदाशी खेळत होते. "तुमी गेल्यावर मी मनाशी तुमाला लई शिव्या दिल्या. मग रात्रीच्या जेवणाला मार्था म्हणली, तुमच्या त्या वाटेचं काय झालं, अजून सोन्याचीच हाय का? तिला एकदा सांगितलं होतं मी. बस. मला भाकरी गिळंना."

त्यांनी एकदम मान वर केली. डोळे चमकत होते. "पण घावला! शब्द घावला. ऊविदा. म्हणजे ओलीच, आणि वजन तेवढंच. गुरू, लघु, लघु. पयलेपासून कोशात होता. मीच आउरेआवर खूश होऊन पुढं शोधलं न्हवतं."

अब्बांना यातलं किती कळलं कोण जाणे, पण ते म्हणाले, "वा, मास्तर." मी चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर सर म्हणाले, "तुमी परत मोजा. कसं मोजायचं ते तुमी ठरवा. मी काही बोलणार न्हाई."

यावेळी मी ठरवलं ते असं. एकट्या मशीननं भागणार नव्हतं. शाळेकडची हवा मोजली तर दादाराव म्हणतील, ही धूळ रस्त्याची, शेताची, कुणाचीही. म्हणून दोन मशीनं. एक क्रशरच्या पलीकडं, जिथून वारा येतो तिथं, आणि दुसरं अलीकडं, सरांच्या गच्चीवर, जिथं तो वारा पोचतो. दोन्ही एकाच वेळी चालू. पलीकडं जेवढी धूळ आहे ती कुणाचीही असो. अलीकडं जी जास्त भरली ती क्रशरची. त्या दिवसांत वारा मावळतीकडून स्थिर वाहू लागला होता. अडचण एवढीच होती की प्रयोगशाळेचं दुसरं मशीन जळून पडलं होतं. अब्बांनी त्याची मोटार उघडली, नव्या तारा भरल्या, कार्बन बदलले आणि ती टेबलावर दिवसभर चालवून ठेवली. आवाज ऐकत बसले होते, दुखणेकरी पोराच्या उशाशी बसावं तसे.

मी सामान घेऊन गावात पोचले, दोन्ही मशीनं लावली आणि क्रशर बंद पडला.

दादारावांचा माणूस म्हणाला, पट्टा तुटलाय. दुसऱ्या दिवशीही पट्टा तुटलेलाच. तिसऱ्या दिवशी मी स्वतः क्रशरवर गेले. तिथं बबन नावाचा ऑपरेटर सावलीत बसला होता. मी पट्ट्याकडं बघितलं. पट्टा धडधाकट. बबननं माझ्याकडं बघितलं आणि नजर चुकवली.

"बाई, एक इचारू? हे बंद पाडायला आलात का तुमी?"

"मोजायला आले."

"बंद झालं तर आमाला परत कोयता धरायला लागंल. बायको-लेकरं घेऊन सा महिने उसाच्या फडात. इथं हाय म्हणून पोरगी शाळंत जाती." मग खोकला दाबत म्हणाला, "धूळ हाय, न्हाई असं न्हाई. आमच्याच तर नाकासमोर हाय. पर कावून कुणी असं म्हणत न्हाई की धूळ बंद करा आन् क्रशर चालू ठेवा?"

हे वाक्य मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. बबन त्यांचाच विद्यार्थी निघाला. संध्याकाळी त्यांनी टेबलावर बसून कचेरीला नवा अर्ज लिहिला. आधीच्या सगळ्या अर्जांत 'क्रशर बंद करावा' होतं. या अर्जात 'धूळ बंद करावी' होतं.

क्रशर सुरू होईपर्यंत मी साळव्यांच्या घरीच राहिले. काकूंनी माझ्यासाठी शेजारणीकडून कोंबडीचं कालवण करवून घेतलं आणि कापणारा आमच्यातला, मुसलमानच होता हे दोनदा सांगितलं. सर मला लॅटिन शिकवू लागले. धूर म्हणजे फूमुस. आपला संस्कृतातला धूम आणि हा फूमुस एकाच घरातले, हे सांगताना त्यांचा चेहरा हरवलेला नातेवाईक भेटल्यासारखा झाला. धूळ म्हणजे पुल्विस. हा शब्द सरांनी ओसरीत मोठ्यानं म्हटला आणि पलीकडच्या घरातला माणूस मागच्या दारानं निघून गेला. त्यानं पोलिस ऐकलं होतं. कशासाठी पळाला ते आम्ही विचारलं नाही.

दादारावांना क्रशर फार दिवस बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. रस्त्याचं काम चालू होतं आणि खडीसाठी डंपर येऊन उभे राहायला लागले. एका सकाळी डोंगराकडून धडधड सुरू झाली. ज्या आवाजाला सरांनी इतकी वर्षं शाप दिले, त्याच आवाजाला ते पायजम्यावर गच्चीत धावत आले आणि ओरडले, "चालू झाला! शेखबाई, चालू झाला!"

मी दोन्हीकडं बटणं दाबली. खरी कसोटी विजेची होती. वीज गेली तर दिवस वाया. पलीकडच्या मशीनला मी शेतातल्या एका विहिरीच्या मोटारीची लाइन घेतली होती आणि त्या शेतकऱ्यानं त्याचं पाणी दुसऱ्या पाळीला ढकललं. शाळेतल्या बायांनी त्या दिवसांत गॅस संपू दिला नाही. सर गच्चीवर खुर्ची टाकून बसले. कुणी अंगणात पाला पेटवायला काडी काढली की वरून त्यांचा वर्गातला आवाज यायचा.

असे लागोपाठ काही दिवस मोजले. पलीकडचे कागद फिकट मातकट. अलीकडचे राखाडी, बोट फिरवलं तर पिठूळ. काकूंनी एक कागद हातात घेऊन लांबूनच बघितला आणि मान हलवली. "हा... हा तो."

आकडा पहिल्यापेक्षा पुष्कळ लहान आला. तरी मर्यादेच्या वरच, रोज. आणि आता तो कुणालाही ढकलता येत नव्हता.

सुनावणीला दादारावांनी वकील आणलाच. वकिलानं रस्त्याची धूळ काढली, शेताची काढली, चुलीची काढली. मी प्रत्येक वेळी पलीकडचा कागद पुढं ठेवला. तेवढंच केलं. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि दादारावांना विचारलं, "बोला." दादाराव तसे बोलघेवडे, पण त्यांनी वकिलाकडं बघितलं. मग सर उठले. मला वाटलं आता ते इतक्या वर्षांचा राग काढतील. ते एवढंच म्हणाले, "साहेब, क्रशर चालू राहू द्या. फक्त त्याच्याभोवती पत्र्याचं घर बांधायला सांगा."

दादाराव वळून त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांना बहुतेक पहिल्यांदाच त्या माणसाकडून शिवीऐवजी काहीतरी ऐकायला मिळालं होतं. बाहेर आल्यावर ते माझ्याजवळ आले. "मॅडम, पट्टा तुटला नव्हता," म्हणाले. मी म्हणाले, "माहीत आहे." त्यावर ते हसले आणि चहा पाजला.

हुकूम झाला. खडी फोडायच्या जागेला चारी बाजूंनी पत्रे, पट्ट्यांवर झाकण, पाण्याचे फवारे, गावाच्या बाजूला उंच भिंत आणि झाडं. दादारावांनी खळखळ केली, मुदती मागितल्या, पण केलं. फवाऱ्यांचं काम बबननं मागून घेतलं. तिथलं पाणी त्याच्या हातात असल्यापासून ते कधी बंद राहिलं नाही.

पत्रे ठोकून झाल्यावर पुढच्या वर्षी, त्याच वाऱ्याच्या दिवसांत, मी पुन्हा दोन्ही मशीनं लावली. खरं सांगायचं तर सगळे दिवस मर्यादेच्या आत आले नाहीत. काही आले, काही थोडे वर राहिले. मी तसंच लिहून दिलं. सरांना वाईट वाटलं, पण त्यांनी वाद घातला नाही. दादारावांनी डंपरच्या रस्त्यावर पाणी मारायला टँकर लावला, तेव्हा उरलेलेही बहुतेक खाली आले.

एक खंत आहे. ज्या गावांत साळवे सर नव्हते, तिथं मी एकेक आकडा देऊन परत आले आणि त्या आकड्याचं पुढं काय झालं ते मला कळलंसुद्धा नाही. फायलीत बसला असेल. मोजणाऱ्याच्या हातात मोजणं तेवढं असतं. त्यापुढं गावाला स्वतः चालावं लागतं. आता मी नोकरी सोडली. अब्बांचं दुकान मी बघते आणि बोलावलं तर नव्या मुलींना मशीन लावायला शिकवते. आता हातात मावतील अशी यंत्रं आली आहेत, बटण दाबलं की आकडा. मुली खूश असतात. मी त्यांना सांगते, आकडा दिसला की आधी आजूबाजूला चूल शोधा.

गेल्या महिन्यात वडवणीला एका मोटारीचं काम होतं, तिथून साळव्यांकडं गेले. दुपारची वेळ. क्रशर पत्र्यांच्या आत घुमत होता. घराचं दार सताड उघडं आणि काकू अंगणात, लिंबाच्या सावलीत जेवायला बसलेल्या. दमा गेलेला नाही, तो जायचा नाही. औषध चालू आहे. पण त्यांनी मला एका दमात हाक मारली, "ये गं रुखसाना, बस, सर वरती कविता घिऊन बसलेत, त्यांना येऊ दे त्यांच्या सवडीनं."

मी बसले. त्यांनी ताटात भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. मी क्षणभर डोंगराकडं बघितलं.

"बघती काय? खा," काकू म्हणाल्या. "आधी भाईर बसून खाल्लं की दाताखाली कचकच यायची. पीठ मळतानाबी यायची. लग्नात आलेली पावणी मला नावं ठेवून गेली, भाकरीत वाळू घालती म्हून." त्या पुढं झुकल्या आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. "चाव. नीट चाव. आन् सांग."

मी घास घेतला आणि नीट चावला. त्या कान देऊन ऐकत होत्या.

"काही नाही, काकू," मी म्हणाले. "नुसती भाकरी आहे."